शिक्का येईपर्यंत पंगत नाही

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीची डाळ निवडणं. नवतपा, मे सरतानाचे ते नऊ जाळणारे दिवस, लागला होता. सकाळीच ओट्याची फरशी पायाला चटके देत होती, म्हणून आतल्या खोलीत कूलरसमोर बसलो. सूप तिच्या पुढ्यात, मी सुपाच्या पलीकडे. माझ्याकडे फक्त खडे वेचायचं काम. किडका दाणा मला दिसत नाही, आणि या बाबतीत तिचा माझ्यावर भरवसा कधीच नव्हता.

"तुम्ही खडे पाहा," ती म्हणे. "दाण्याचं माह्यावर सोडा."

डाळ निवडता निवडता तिनं पोराचा हिशेब काढला. आमचा एकुलता एक पोरगा. तिशी ओलांडलेला, बायको-लेकरं असलेला. कळमेश्वरच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली माल चढवतो-उतरवतो. महिन्याला बारा हजार, तेही ठेकेदाराची मर्जी सांभाळून. खरं तर त्याच्या हातात गाडी दुरुस्तीचं काम आहे, पण काम येतं असं सांगणारा कागद नाही. कागद नाही म्हणून शोरूमवाले दारातूनच वाटेला लावतात. एक जण अठरा हजारांवर घ्यायला तयार होता. म्हणाला, सर्टिफिकेट आण आणि दुसऱ्या दिवशीपासून ये. तर ते सर्टिफिकेट कुठून आणायचं आणि कितीत पडेल, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न होता.

मी चौथी शिकलेला. तिला तर अक्षरही येत नव्हतं. पण तिच्या माहेरी हातमाग होता, बाप लुगडी विणायचा. लहानपणी ती सुताच्या कांड्या भरून द्यायची आणि हिशेब लागला की त्याच कांड्या जमिनीवर मांडायची. ती सवय म्हातारपणापर्यंत राहिली. पुढ्यात भाजी असली तर देठ मांडायची, डाळ असली तर दाणे. त्या दिवशी एक दाणा म्हणजे एक हजार असं तिनं ठरवलं. सुपाची डावी बाजू खर्चाची, उजवी कमाईची.

"पहिले तो खाजगी कोर्सवाला," असं म्हणून तिनं चाळीस दाणे डावीकडे मोजले. "सहा महिन्यायचे चाळीस. फोनवरची बाई म्हणे, नोकरी पक्की."

"मंग झालं तं."

"झालं कसं? शाळा दिवसाची आहे. सहा महिने हा कळमेश्वरले कसा जाईन? ते बारा-बारा कोण भरन, तुम्ही?" आणि बारा-बारा दाण्यांच्या सहा ढिगल्या तिनं त्या चाळिसांना नेऊन भिडवल्या. "हे नाही सांगत ते. फी सांगतात. बुडालेली मजुरी कोणी नाही सांगत."

मग उजवीकडे आली. अठरातून बारा गेले, उरले सहा. म्हणजे महिन्याची खरी कमाई सहाच दाणे. सहा-सहाच्या ढिगल्या मांडत गेली. डावीकडचं फेडायला दीड वर्षाच्या वर ढिगल्या लागल्या. सुपाची उजवी बाजू पार भरली.

"तोवर नोकरी टिकली पाहिजे," ती म्हणाली. "बाजूच्याचा पोरगा गेला ना तिथूनच. लागली नोकरी. पक्की. पुण्याले, तेरा हजारात. खोलीभाडं देऊन हप्त्याहप्त्याले मायले पैसे मागते."

दुसरा कोर्स सरकारी, दोन वर्षांचा. त्याच्या फीचे तिनं दोन-तीनच दाणे ठेवले. मी म्हटलं, हा स्वस्त. तर तिनं सुपातली मूठभर डाळ उचलली आणि न मोजता डावीकडे ओतली. "दोन वर्षायची मजुरी," ती म्हणाली. "मोजत बसली तं सैपाकाले डाळ उरत नाही."

तिसरा रस्ता पोरानं कुठून तरी ऐकून आणला होता. ज्यांनी वर्षानुवर्षं गॅरेजात काम केलंय त्यांची दोन-तीन दिवस परीक्षा घेतात, गाडी खोलून-बांधून दाखवायला लावतात, आणि पास झाला की तसंच सर्टिफिकेट देतात. फी नावाला. तिनं डावीकडे दोन दाणे ठेवले, एक फीचा, एक खाड्यांत बुडालेल्या मजुरीचा. उजवीकडे तेच सहा. पहिल्याच महिन्यात फिटून वर चार उरले. सुपाकडे पाहून ती हसली, दाताच्या फटीतून हवा जाते तसं.

पण त्याला एक पत्र लागत होतं. ज्या गॅरेजात काम केलं, त्या मालकानं लिहून द्यायचं, की हा माझ्याकडे इतकी वर्षं कामाला होता. खाली सही, गॅरेजचा शिक्का.

ते गॅरेज माझ्या साळ्याचं होतं. तिच्या पाठच्या सख्ख्या भावाचं. कामठी रोडवर.

आमचा पोरगा अठराव्या वर्षी या मामाकडे लागला आणि आठ वर्षं राहिला. पहिली तीन वर्षं फुकट, कारण मामाकडे पगार मागतात का? नंतर खर्ची मिळायची, सणाला शर्ट. पोराला तिथं घालताना हिनं असाच हिशेब मांडला होता आणि खर्चाच्या बाजूला एकही दाणा ठेवला नव्हता. आमच्याकडे बाया माहेरचं मोजत नाहीत. मोजलं की आटतं म्हणतात. तर ते न मोजलेलं आम्हाला सगळ्यांत महाग पडलं. आठ वर्षांनी साळ्यानं एका कंपनीचा बोर्ड गॅरेजवर चढवला. कंपनीनं सांगितलं, माणसं सर्टिफिकेटवाली पाहिजेत. साळ्यानं दोन सर्टिफिकेटवाली पोरं आणली आणि भाच्याला म्हणाला, "कागद आण, मंग ये."

म्हणून मी सुपावर वाकून विचारलं, "भावाच्या पत्राचे किती दाणे?"

"त्याचे काय दाणे? सख्खा भाऊ आहे."

"पुन्हा तेच?"

"तुम्ही खडे पाहा."

माझं डोकं फिरलं. सुपाच्या कडेला एक चिंचोका अडकला होता. तो उचलून मी उजवीकडे, कमाईच्या ढिगात टाकला. म्हटलं, "त्या खाजगीवाल्यालेच पैसे भरू. सर्टिफिकेट घेऊ. आणि तुह्या भावाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या या बाजूले, आपलं दुकान टाकू. रोज सकाळी शटर उघडताना त्याचं तोंड पाहीन मी. ही कमाई नाही काय?"

तिनं तो चिंचोका दोन बोटांनी उचलला आणि डावीकडे ठेवला.

"काहून?"

"बदला खर्चात धरा. कामठी रोडचं भाडं काय आहे, मालूम आहे का? त्याचं तोंड पाहाले दर महिन्याले एवढे पैसे? टीव्ही घ्या एखादा."

मी हसलो नाही. आता आठवलं की हसू येतं.

पत्र आणायला मी जातो म्हटलं. "तुम्ही? तुम्ही पत्र आणाल का त्याचं डोकं फोडून आणाल?" मी म्हटलं, मग ऊन उतरल्यावर जा. तर संध्याकाळी तो दुकानात राहत नाही. उठली, पातळ बदललं, ऊन लागू नये म्हणून एक कांदा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला, तोंडाला दुपट्टा गुंडाळला. दारातून म्हणाली, "सूप तसंच राहू द्या. आल्यावर पुरं करू."

भरदुपारी परत आली. ऑटोतून उतरली आणि ओट्याच्या खांबाला धरून उभीच राहिली. तोंड तव्यासारखं. आत आणून कूलरपुढे बसवली. पाणी पाजलं, गूळ दिला. तिला साखरेचा आजार, म्हणून गूळ द्यावा की नको हेही मला तेव्हा कळेना.

"काय म्हणाला?"

पाण्याचा आणखी एक घोट घेऊन तिनं सांगितलं. दुकानाच्या दाराशी ट्रकचं जुनं टायर पडलेलं असतं, त्यावर ती बसली. शेठ कामात आहेत असं दुकानातल्या पोरानं सांगितलं. शेठ काचेच्या खोलीत होता, एसी लावून. तिला तो दिसत होता. त्यालाही ती दिसत होती. टिनाची सावली सरकत सरकत पार भिंतीशी गेली, तरी तो उठला नाही. मग बाहेर आला.

"म्हणे, बाई, तो माह्याकडे कामाले कधी होता? भाचा होता. येत जाय, बसत जाय. लिहून देल्लं तं उद्या पगार मागन, फंड मागन. मी म्हटलं, बाबू, माहा पोरगा तुह्यावर केस नाही करत. तं म्हणे, पोराचं नाही, तुह्या नवऱ्याचा भरोसा नाही."

हे मात्र साळा बरोबर बोलला होता.

"पाणी देल्लं का त्यानं तुले?"

तिनं डोळे मिटले. "विसरला असन," ती म्हणाली.

तिन्हीसांजेला ताप चढला, बरळू लागली. पोरगा आला, सरकारी दवाखान्यात नेलं. त्यांनी बर्फ लावला, सलाईन लावलं, जे करायचं ते केलं. दुसरा दिवस तिनं पाहिला नाही. घरी आणल्यावर बायांनी पदराची गाठ सोडली. आतला कांदा वाफवल्यासारखा मऊ झाला होता. मी तो हातात घेतला, आणि त्या वेळेपासून मी माझ्या साळ्याचा वैरी झालो. आधी नुसता राग होता.

सवाष्ण गेली की माहेरची साडी नेसवतात. साळा घेऊन आला. चांगली महागाची, खोक्यात, वर चकाकणारा कागद. बाया हात पुढे करत होत्या. मी म्हटलं, थांबा. पेटीतून तिच्या बापानं विणलेलं लुगडं काढलं. लग्नातलं. घड्यांवर विरलेलं, पण रंग धरून होतं. म्हटलं, "हे नेसवा. हे माहेरचं आहे. ते दुकानातलं आहे."

बायांनी तेच नेसवलं. साळ्याचं खोकं ओट्यावर उन्हात पडून राहिलं. तिरडी उचलली तरी तिथंच होतं. नंतर कोणी नेलं कोण जाणे.

त्यानं माझं पोट भरलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही भरलं. तेरा दिवस लोक येत, बसत, चहा पीत, आणि मी मान खाली घालून साळ्याचं काय काय करायचं ते ठरवत असे. काचेच्या खोलीवर दगड मारायचा. बोर्डवाल्या कंपनीला कोणाकडून तरी पत्र लिहवून घ्यायचं. भर रस्त्यात त्याच्या तोंडाला ग्रीस फासायचं. पोरगा जवळ येऊन म्हणे, "बाबा, जाऊ द्या आता. ऊन होतं. मामानं काही मारलं नाही तिले." गरीब स्वभावाचा आहे, मायवर गेला.

सूप मी कोठीवर ठेवलं होतं, तसंच, सगळ्या ढिगल्यांसकट. सुनेनं एकदा विचारलं, डाळीला कीड लागेल, उचलू का? मी नाही म्हटलं. डावीकडच्या ढिगात तो चिंचोका होता. रोज पाहायचो. दगड मारला तर पोलीस आणि पोराची मजुरी बुडणार. पत्र लिहवलं तर लिहिणाऱ्याला पैसे. जे काही ठरवायचो ते तिच्या डाव्या बाजूला जाऊन पडायचं. मेल्यावरही बाई मला सुपाबाहेर पाय टाकू देत नव्हती.

पण तिच्या हिशेबात एक चूक होती, आणि ती मला तेव्हा दिसली. तिसऱ्या रस्त्याला तिनं दोनच दाणे ठेवले होते. भावाच्या शब्दाचा दाणा ठेवलाच नव्हता. आता तो ठेवून झाला होता, आणि तिनंच भरला होता. इतका महाग भरलेला कागद मी सोडणार नव्हतो. पोराला ते पत्र आणून द्यायचं आणि साळ्याच्या हातूनच घ्यायचं. मागून नाही. तो मागं लागून देईल असं.

तेरवीला आमच्यात अशी रीत आहे, की माहेरकडच्या पुरुषानं नवऱ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी घालायची, खांद्यावर दुपट्टा टाकायचा. त्यानंतर सुतक सुटतं. माणूस कामाधंद्याला बाहेर पडायला मोकळा होतो. आणि टोपी घातल्याशिवाय पंगत बसत नाही. कोणी म्हणजे कोणीच जेवत नाही.

तेरवीला गल्लीत मांडव घातला. माणसं बरीच जमली. आचाऱ्यानं वडे तळले, आलू-वांग्याची भाजी, कढी, भात, बुंदी. सगळा वास मांडवात. मी पाटावर बसलो, साळा समोर उभा राहिला, त्याचा पोरगा ताटात टोपी-दुपट्टा घेऊन बाजूला. आधी दोन शब्द बोलायची हल्ली पद्धत झाली आहे. साळा बोलला. रडला. खरं रडला, तेही सांगतो. रडला म्हणून सुटला असं नाही.

म्हणाला, "बाईनं मले लहानाचं मोठं केलं. मीबी तिच्या पोराले परकं नाही मानलं. आठ वर्ष माह्या गॅरेजात होता तो. पान्हा धराले मी शिकवलं. इंजिन खोलाले मी शिकवलं. आज त्याच्या हातात जे काही काम आहे, ते या मामाचं आहे."

माणसं माना हलवत होती. मी पाटावर बसल्या बसल्या हे वाक्य ऐकलं आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं झालं.

त्यानं टोपी उचलली. मी हात वर केला.

"थांब बाबू. किती वर्ष म्हणाला?"

"कशाचे?"

"पोरगा तुह्याकडे किती वर्ष कामाले होता? आत्ताच सांगितलं ना. साऱ्यायनं ऐकलं."

"आठ वर्ष. मंग?"

"मंग तेवढं कागदावर लिहून दे. सही कर, शिक्का मार. तुही बहीण तेच मांगाले आली होती. टोपी मंग घालजो."

साळ्यानं टोपी पुन्हा ताटात ठेवली. "भाऊजी, ही वेळ आहे का?"

"तिच्या मरणाची वेळ होती का?"

"मी मारलं का तिले? उन्हानं गेली ती!"

"उन्हाले टोपी घालाले नाही बोलावलं मी. तुले बोलावलं."

मागून कोणीतरी हसलं आणि ते हसू खोकल्यात दाबलं. साळ्याचं तोंड लाल झालं. म्हणाला, उद्या पाहू. मी म्हटलं, उद्या मी सुतकातच असेन, माझं काही जात नाही. मी पाटावरून उठणार नाही, टोपी घालून घेणार नाही, आणि पंगत बसणार नाही. असं म्हणून मी मांडी नीट घातली.

लोक पहिल्यांदा माझ्यावरच उलटले. माझी थोरली वहिनी, ऐंशीच्या पुढची, काठी आपटत आली. "काहून गा, बायकोच्या तेरवीले तमाशा लावला? पोरं भुकेनं रडून राहिली. वडे गार झाले. असं मेलेलीले पोचते का?"

"पोचन वहिनी. तिले हेच पोहचवाचं आहे."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मग साळ्याकडे. बाई फटकळ आहे, पण बाईच आहे. काठीचं टोक तिनं साळ्याच्या बुटावर ठेवलं. "तुह्या दारात बाई उन्हात बसून होती, हे खरं का?"

"मी कामात होतो..."

"मंग आता मोकळा आहे ना? दे लिहून. माह्या पोटात कावळे ओरडून राहिले."

मग वारा फिरला. एकदा भूक लागली की माणसाला न्याय लवकर कळतो. इकडून तिकडून आवाज यायला लागले. "देऊन टाक ना भाऊ, दोन ओळी तं आहेत." "आठ वर्ष स्वतःच म्हणाला ना." "आचारी म्हणते, भट्टी विझवू काय." साळा घाम पुसत होता. माझा पोरगा पाणी वाढायच्या पिंपाशी उभा होता, जमिनीत जायला जागा शोधत असल्यासारखा. त्याच्याकडे मी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर उठलो असतो.

माझी सून बारावी शिकलेली. कागद-पेन तीच घेऊन आली, कोणी न सांगता. साळा सांगू लागला, "लिही. सदर इसम हा माझा भाचा असून माझ्या गॅरेजात येत होता..."

"‘येत होता’ नाही," मी म्हटलं. "‘कामाला होता.’"

"एकच आहे ते."

"एकच आहे ना? मंग माह्या म्हणण्यासारखं लिही."

"उद्या तुम्ही फंड मांगाल, भाऊजी. मी तुम्हाले ओळखतो."

"मांगणार असतो तं शिक्का नसता मांगितला, वकील आणला असता." हे खरं होतं. वकिलाची फी मी तिच्या सुपात मांडून पाहिली होती.

त्यानं सुनेकडे हात झटकला. तिनं लिहिलं. कामाला होता, आठ वर्षं, इंजिन, ब्रेक, क्लच, सगळं. त्यानं सही केली. "शिक्का दुकानात आहे," म्हणाला, सुटल्यासारखा.

"मी बसलो आहे," मी म्हटलं.

त्याच्या पोराला मोटारसायकल काढावी लागली. कामठी रोडची दुपारची गर्दी, कोळशाचे ट्रक. तो येईपर्यंत मांडवात जे झालं ते मला जन्मभर पुरेल. साळा उभाच होता. त्याला बसा म्हणायला कोणी पुढे आलं नाही. पंखा माझ्याकडे तोंड करून होता. त्यानं दोनदा ओठांवरून जीभ फिरवली. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, पाणी देऊ का म्हणून. मी मान हलवली नाही. तिनं तरी तांब्या उचलला आणि नेऊन दिला. त्यानं घटाघटा प्यायलं. सुनेचं तिच्यापाशी. मी दिलं नसतं.

शिक्का आला. पत्रावर निळा उमटला. पोरानं पत्र घडी करून खिशात घातलं, मग मी डोकं पुढे केलं. टोपी घालताना साळ्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. टोपी जरा तिरपी बसली. मी सरळ केली नाही.

पंगत बसली. त्याला मी स्वतः वाढलं. वडा, पुन्हा वडा, बुंदी. "घे बाबू," मी म्हटलं, "तुह्या बहिणीचं आहे." त्याला घास उतरत नव्हता. मी समोर उभा राहून तो घास उतरेपर्यंत पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा पत्र घेऊन परीक्षेच्या ठिकाणी नाव द्यायला निघाला. म्हणाला, बाबा, चला सोबत. मी म्हटलं, हे तुझं काम आहे, मला माझं आहे. तो गेल्यावर मी कोठीवरचं सूप खाली घेतलं. सुनेनं विचारलं, डाळ लावू का आता. लाव म्हटलं. ढिगल्या सगळ्या हातानं एक केल्या, डावीकडच्या, उजवीकडच्या. चिंचोका तेवढा बाजूला काढून खिशात टाकला. मग साळ्यानं घातलेली टोपी डोक्यावर चढवली, त्यानंच टाकलेला दुपट्टा खांद्यावर घेतला, आणि दुपट्ट्याच्या टोकाला एक कांदा बांधला.

जाण्यायेण्याचं ऑटोभाडं, एवढाच खर्च. त्यात कामठी रोडचं दुकानभाडं नव्हतं. तिला हा हिशेब पटला असता. निदान सुपात मांडू तरी दिला असता.

गॅरेज नुकतं उघडलं होतं. टायर तिथंच होतं, दाराशी. मी त्यावर बसलो. गिऱ्हाइकं येऊ लागली. पांढरी टोपी, पांढरा दुपट्टा पाहून एकानं स्कूटर लावता लावता विचारलं, "काका, कोणाचं झालं?"

"माह्या बायकोचं. या मालकाची बहीण होती. इथंच बसली होती, या टायरवर."

त्यानं दुकानाकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं, आणि स्कूटर उद्या आणतो म्हणून परत फिरवली. दुसऱ्याला तेच सांगितलं. आवाज चढवला नाही. जो विचारेल त्याला सांगितलं, न विचारेल त्याला नाही.

काचेमागे साळा दिसत होता. त्यालाही मी दिसत होतो. या वेळी तो लवकर बाहेर आला. "भाऊजी, आत या. लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

"अजून काय पाहिजे तुम्हाले? लिहून देल्लं ना साऱ्यायसमोर!"

"मले काही नाही पाहिजे, बाबू. मी काही कामाले आलो का तुह्याकडे? घरचाच आहे. येत जाईन, बसत जाईन."

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. मग आतल्या पोराला ओरडला, पाणी आण म्हणून. पोरानं थंडगार गिलास आणून माझ्या हाताशी धरला. मी तो घेतला आणि टायरच्या बाजूला जमिनीवर ठेवला.

सावली भिंतीकडे सरकत होती. ऊन पायावर आलं. मी पाय ओढून घेतले नाहीत.